खाकी वर्णव्यवस्था

"या देशाला आता एक मिलिटरीवालाच पाहिजे!"

हे वाक्य तुम्ही ऐकलंय, मीही ऐकलंय. एस.टी.त ऐकलंय, कचेरीत ऐकलंय, हॉटेलात चहा पिताना शेजारच्या टेबलावर ऐकलंय. म्हणणारा बहुतेक वेळा पोटभर जेवलेला असतो. मोर्च्यानं रस्ता अडवला म्हणून वैतागलेला असतो, आणि राखीव जागांवर तोंडसुख घेऊन झालं की हमखास या मुक्कामाला येतो. पुरावा मागा, त्याचं उदाहरण तयार असतं. कोरिया! एक जनरल आला, अठरा वर्षं चाबूक चालवला, आणि भुकेकंगाल देश मोटारी नि टेलिव्हिजन विकायला लागला. पाहिजे तर असा माणूस पाहिजे, म्हणे.

चाबूक म्हटल्यावर आपण आधी पाठ बघायची. ती कुणाची, हे हा गृहस्थ सांगत नाही. त्याला बहुधा माहीतही नसतं, आणि माहीत करून घ्यायची गरज वाटत नाही, कारण ती पाठ आपली नसणार याची त्याला जन्मापासून खात्री असते. पण आताशा आपल्यातली काही शिकलेली पोरंही हेच बोलायला लागलीत. म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे. लष्करशाही ही वर्दी घातलेली वर्णव्यवस्था असते. तिला हुकूम सोडायला जसा वर एक लागतो, तसा तुडवायला खाली एक लागतो. तो आयता सापडला नाही तर ती तो तयार करते. त्याला नाव देते, त्याच्या नावापुढं खूण करते, आणि ती खूण त्याच्या पोराबाळांपर्यंत पोचवते. दक्षिण कोरियाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या नजरेनं वाचून बघा, मग सांगा मी खोटं बोलतोय का.

कोरियात अस्पृश्य होते हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्यांना बेकजोंग म्हणत. जनावरं कापायची, कातडं कमवायचं, टोपल्या विणायच्या. वस्ती गावाबाहेर. घरावर कौलं घालायची नाहीत, इज्जतदारांची टोपी डोक्यावर घालायची नाही, समोर दुसऱ्याचं शेंबडं पोर आलं तरी त्याच्याशी आदरानं बोलायचं. १८९४ साली कायद्यानं ही उतरंड मोडली. कायद्यानं! प्रत्यक्षात त्यांच्या पोरांना शाळेची दारं बंदच राहिली. शेवटी एप्रिल १९२३ मध्ये जिंजू या गावी त्यांनी ह्योंगप्योंगसा नावाची संघटना उभी केली. नावात तराजू आहे, दोन्ही पारडी सारखी असलेला. खाटकाच्या हातातलं हत्यार त्यांनी समतेचं निशाण केलं. आपल्या महाडच्या आधी चार वर्षं.

पुढं देशाची फाळणी झाली. १९५० ते १९५३ युद्ध झालं. लाखो माणसं घरदार सोडून पळाली, शहरांच्या गर्दीत मिसळली, आणि कोण कुठल्या वस्तीतला हे शोधणं अवघड होऊन बसलं. जुना अस्पृश्य असा दिसेनासा झाला. पण व्यवस्थेला खालची जागा रिकामी ठेवून चालत नाही. त्या जागेवर नवा माणूस बसवला गेला. त्याचं नाव 'लाल'.

लाल म्हणजे कम्युनिस्ट, असं तुम्ही म्हणाल. तसं नाही. लाल म्हणजे सरकार ज्याला लाल म्हणेल तो. डिसेंबर १९४८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. जपान्यांनी गुलाम कोरियनांना चिरडायला जो कायदा वापरला होता, त्याच्याच साच्यातून हा काढलेला. कायदा आजही पुस्तकात आहे. या कायद्याखाली एक माणूस लाल ठरला की त्याचं घराणं बाटलं. मुलाला सरकारी नोकरी नाही, पुतण्याला परदेशी जायचा परवाना नाही, भाच्याला लष्करी शाळेत प्रवेश नाही. बापाचा कलंक जन्मानं पोराला! या पद्धतीला तिथं वेगळं नाव होतं आणि ती कागदावरून उठायला १९८० ची राज्यघटना यावी लागली. आपल्याला त्या नावाची गरज नाही. आपल्याकडं त्यासाठी फार जुना शब्द आहे.

आता जनरलसाहेबांकडं येऊ. पण ते येण्याआधी काय घडलं ते लक्षात ठेवा, कारण चाबकाचे भक्त हे पान फाडून टाकतात. १९६० साली सिंगमन री या म्हाताऱ्या अध्यक्षाला लोकांनी घालवलं होतं. मार्चमध्ये त्यानं निवडणुकीत उघड चोरी केली. मासान शहरात लोक रस्त्यावर आले. किम जू-युल हे हायस्कुलातलं पोरगं त्या दिवसापासून बेपत्ता झालं. ११ एप्रिलला त्याचं प्रेत समुद्रात तरंगताना सापडलं, डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं रुतलेलं. १९ एप्रिलला सोलमध्ये पोलिसांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या घातल्या. त्या आंदोलनात दीडशेहून जास्त माणसं मेली. २६ एप्रिलला री पायउतार झाला. लोकांनी रक्त देऊन लोकशाही मिळवली, आणि ती जेमतेम एक वर्ष टिकली.

१६ मे १९६१ च्या पहाटे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक हान नदीचा पूल ओलांडून सोलमध्ये घुसले. फौज सहा लाखांची, बंड साडेतीन हजारांचं! बाकीचे गप्प बसले म्हणून ते जिंकलं. म्होरक्या होता मेजर जनरल पार्क चुंग-ही. हा देशभक्त जपानी राजवटीत ताकागी मासाओ या जपानी नावानं मांचुकुओच्या फौजेत लेफ्टनंट होता. म्हणजे ज्यांनी त्याचा देश गुलाम केला त्यांचीच वर्दी यानं चढवली होती. पहाटे रेडिओवरून सहा वचनं दिली गेली. पहिलं, कम्युनिस्टविरोध हेच राष्ट्राचं धोरण. शेवटचं, काम झालं की सत्ता नागरिकांच्या हाती देऊन आम्ही बराकीत परत जाऊ. पहिलं वचन पाळलं. शेवटचं पाळायला त्याला सवड मिळाली नाही. अठरा वर्षांनी प्रेत बाहेर निघालं तेव्हाच तो गेला.

आल्या आल्या काय केलं? गल्लीतले दादा पकडून गळ्यात पाट्या अडकवून सोलच्या रस्त्यांवरून त्यांची धिंड काढली. मध्यमवर्गानं टाळ्या पिटल्या. बघा, शिस्त आली! टाळ्या संपायच्या आत केंद्रीय गुप्तचर संस्था उभी राहिली, पक्ष आणि संघटना बंद झाल्या, आणि डिसेंबरात 'मिन्जोक इल्बो' या वर्तमानपत्राचा तरुण प्रकाशक जो योंग-सू फासावर गेला. २००८ साली कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं. सत्तेचाळीस वर्षांनी! दोस्तहो, धिंड नेहमी गुंडापासून सुरू होते. गुंडाची बाजू कुणी घेत नाही, म्हणून.

"पण प्रगती झाली ना?"

झाली. मी नाही म्हणत नाही. १९६४ साली कोरियाची निर्यात १० कोटी डॉलर होती, १९७७ साली १,००० कोटी. खोटं बोलून लढाई जिंकता येत नाही, म्हणून हा आकडा मी स्वतःच सांगतो. पण ही इमारत कशावर उभी राहिली ते तरी विचाराल?

पहिला पाया जमिनीचा. कसेल त्याची जमीन हा कायदा कोरियात १९४९-५० साली झाला, जनरल यायच्या दहा वर्षं आधी, निवडून आलेल्या सभागृहात. जमीनदाराचं कंबरडं मोडलं, कुळाच्या पोराला शाळा दिसली. तीच शिकलेली पोरं पुढं कारखान्यांत गेली. या जमीन सुधारणेचा पाया घालणारा कृषिमंत्री चो बोंग-आम. त्याचं काय झालं? १९५६ च्या निवडणुकीत त्यानं री च्या विरोधात वीस लाखांवर मतं घेतली, आणि जुलै १९५९ मध्ये हेर ठरवून त्याला फाशी दिलं. तोही २०११ मध्ये निर्दोष निघाला. त्याच १९५९ साली आपल्याकडं दादासाहेब गायकवाड भूमिहीनांना घेऊन जमिनीसाठी तुरुंग भरत होते. तिकडं जमीन मिळाली, इकडं अजून नाही. कोरियाची प्रगती पाहिजे म्हणणाऱ्याला विचारा, बाबा, आधी जमीन वाटतोस का? तिथं त्याची दातखीळ बसते. त्याला कोरियातला चाबूक तेवढा पाहिजे असतो.

दुसरा पाया पैशाचा. १९६५ साली जपानशी करार करून ३० कोटी डॉलर फुकट आणि २० कोटी कर्जाऊ घेतले. जपान्यांनी वेठीला धरून नेलेल्या मजुरांचा, लष्कराच्या वेश्याघरांत कोंडलेल्या बायांचा हिशेब त्यात मिटवून टाकला. या वाटाघाटींविरुद्ध विद्यार्थी उठले तेव्हा जून १९६४ मध्ये सोलमध्ये मार्शल लॉ लावला. मग व्हिएतनाम. अमेरिकेच्या लढाईत तीन लाखांवर कोरियन सैनिक पाळीपाळीनं धाडले, पाचेक हजार मेले. बदल्यात डॉलर आले, कंपन्यांना कंत्राटं मिळाली.

तिसरा पाया पोरींचा. सोलच्या प्योंगह्वा बाजारात, म्हणजे शांती बाजारात, कपडे शिवायचे शेकडो कारखाने होते. एका मजल्याची उंची मधोमध कापून दोन माळे केलेले. उभं राहिलं की डोकं छताला लागायचं. तेरा ते सतरा वर्षांच्या खेड्यातल्या पोरी तिथं चौदा-पंधरा तास बसायच्या. कापसाची धूळ छातीत जायची. खोकता खोकता रक्त पडलं की कामावरून काढून टाकायचं. तिथं जॉन टे-इल नावाचा एक तरुण कापड बेतायचं काम करायचा. बसचे पैसे वाचवून तो या पोरींना खायला घ्यायचा आणि रात्री पायी घरी जायचा. एक दिवस त्याला समजलं की १९५३ पासून देशात कामगार कायदा आहे, आणि त्यात आठ तासांचा दिवस लिहिलेला आहे! त्यानं पुस्तक मिळवलं. भाषा अवघड, अर्धं कळेना. आपल्याला एखादा कॉलेजात शिकलेला मित्र असता तर, अशी हळहळ तो करायचा. त्यानं पोरींकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, कामगार खात्यात अर्ज दिले. कुणी दाद घेईना. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, वय २२, ते कायद्याचं पुस्तक घेऊन तो बाजारात उभा राहिला आणि त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. कायदा पाळा, आम्ही यंत्रं नाही, असं ओरडत तो जळाला.

कायदा होता. अंमल नव्हता. हे वाक्य आपल्याला कुणी शिकवायला नको. अत्याचारविरोधी कायद्याखाली फिर्याद नोंदवायला ठाण्याच्या पायरीवर ताटकळलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

टे-इलची आई ली सो-सन. पोरानं मरता मरता तिच्याकडून वचन घेतलं. त्याच महिन्यात शिलाई कामगारांची युनियन उभी राहिली आणि ही बाई २०११ मध्ये मरेपर्यंत कामगारांची आई म्हणून लढत राहिली. कोरियाच्या लोकशाहीचा मी जेव्हा विचार करतो, तेव्हा मला पुढाऱ्यांच्या आधी ही बाई दिसते.

१९७१ च्या निवडणुकीत किम डे-जुंगनं पार्कला घाम फोडला. मग पार्कनं निवडणुकीचाच निकाल लावला. १७ ऑक्टोबर १९७२ ला मार्शल लॉ, नवी राज्यघटना, नाव युशिन, म्हणजे नवसुधारणा. शब्दसुद्धा जपान्यांकडून उचललेला. आता अध्यक्ष लोक निवडणार नाहीत, एक परिषद निवडणार. डिसेंबरात परिषद भरली. मतदार २,३५९. पार्कला मतं २,३५७. दोन मतं बाद! विरोधी एकही नाही. संसदेतले एकतृतीयांश सभासद त्याच्याच शिफारशीनं येणार. पोलीस रस्त्यावर पोरांचे लांब केस कापत आणि पोरींच्या स्कर्टची लांबी पट्टीनं मोजत फिरू लागले. राज्यघटनेवर टीका हाच गुन्हा झाला. १९७५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं आठ जणांची फाशी कायम केली आणि पुरते चोवीस तास व्हायच्या आत, ९ एप्रिलला, आठही जणांना लटकावलं. घरच्यांची शेवटची भेटसुद्धा नाही. २००७ साली कोर्ट म्हणालं, आठही निर्दोष.

तिकडं मे १९७५ मध्ये आणीबाणीचा नववा हुकूम निघाला. पुढच्याच महिन्यात आपल्याकडं आणीबाणी आली. दोन देशांत संबंध काही नाही, पण गाड्या वेळेवर धावतात म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं दोन्हीकडं सारखीच निघाली.

पार्कचा शेवट कुठून सुरू झाला माहीत आहे? जनरलांच्या कटातून नाही. केसांचे टोप बनवणाऱ्या पोरींपासून. वाय.एच. नावाची कंपनी मालकानं बुडवली. ऑगस्ट १९७९ मध्ये पावणेदोनशेवर कामगार पोरी विरोधी पक्षाच्या कचेरीत जाऊन बसल्या. ११ तारखेच्या पहाटे हजारभर पोलीस घुसले. किम क्युंग-सूक ही २१ वर्षांची पोरगी त्यात मेली. विरोधी पक्षनेता किम यंग-साम यानं आवाज उठवला, तर ऑक्टोबरात त्याला संसदेतून हाकललं. त्याच्या मुलखात, पुसान आणि मासानला, लोक पेटले. या पेटलेल्या शहरांचं करायचं काय यावरून दरबारात फूट पडली, आणि २६ ऑक्टोबरच्या रात्री जेवणाच्या पाटावर गुप्तचर प्रमुख किम जे-ग्यु यानं पार्कला गोळी घातली. टोप बनवणाऱ्या पोरींनी सिंहासनाची एक वीट काढली होती. ती नेमकी खालची होती.

माणूस मेला, व्यवस्था मेली नाही. हानाहोए नावाची अधिकाऱ्यांची गुप्त टोळी फौजेत होती. तिचा म्होरक्या चुन डू-ह्वान. १२ डिसेंबर १९७९ च्या रात्री त्यानं स्वतःच्याच लष्करप्रमुखाला पकडलं. सरहद्दीवरचं सैन्य मागं ओढून राजधानीत आणलं. उत्तरेचा शत्रू दारात उभा आहे म्हणून ज्यांनी वीस वर्षं लोकांच्या तोंडाला कुलूप घातलं, त्यांनीच सत्तेसाठी सरहद्द उघडी टाकली! १७ मे १९८० ला सगळ्या देशावर मार्शल लॉ. किम डे-जुंग तुरुंगात.

१८ मे, ग्वांगजू.

ग्वांगजू जोल्ला मुलखात आहे. पार्क ग्योंगसांगचा, चुनही ग्योंगसांगचा. पोलादाचे, जहाजांचे, यंत्रांचे मोठे कारखाने तिकडं गेले. जोल्लाच्या वाट्याला भाताची खाचरं आणि टोमणे. जोल्लाचा माणूस कपटी, विश्वासाला नालायक, अशी म्हण सबंध देशात. म्हणजे रणगाडा निघायच्या आधी शिवी निघालेली असते. वस्ती आधी नजरेतून उतरवायची, मग गोळी घालायला हात कचरत नाही.

पॅराशूट फौजेचे जवान शहरात सोडले. विद्यार्थी, वाटसरू, म्हातारे, जो दिसेल त्याला दांडक्यानं आणि संगिनीनं. पहिल्या बळींत एक बहिरा माणूस होता. त्याला हुकूम ऐकूच आला नसणार. २० तारखेला संध्याकाळी बस आणि टॅक्सीचे ड्रायव्हर शेकडो गाड्यांचे दिवे लावून सैन्याच्या अंगावर चालून गेले. २१ ला दुपारी प्रांतिक कचेरीसमोर जमावावर सरळ गोळीबार झाला. तेव्हा लोकांनी ठाण्यांतल्या बंदुका काढल्या. सैन्य शहराबाहेर हटलं आणि वेढा घालून बसलं. फोन तोडले, रस्ते बंद केले.

मग पाचसहा दिवस ग्वांगजू लोकांनी चालवलं. सरकार म्हणत होतं दंगलखोर. त्या दंगलखोरांच्या राज्यात बँका लुटल्या गेल्या नाहीत. बाजारातल्या बाया रस्त्यावर चुली मांडून भाताचे गोळे वळत होत्या आणि पोरांना वाटत होत्या. रक्त द्यायला दवाखान्यासमोर रांगा लागल्या. त्या रांगांत वेश्यावस्तीतल्या बायाही उभ्या होत्या. ज्यांच्या हातचं पाणी कुणी प्यालं नसतं त्यांचं रक्त त्या दिवशी चाललं. बंदूक घेऊन शेवटपर्यंत उभं कोण राहिलं? प्रतिष्ठित मंडळी तडजोडीला लागली, हत्यारं परत करा म्हणू लागली. उभे राहिले ते कारखान्यातले मजूर, हॉटेलातली पोरं, बूटपॉलिशवाले, चिंध्या वेचणारे. आणि युन सांग-वोनसारखे थोडे शिकलेले. हा युन बँकेतली नोकरी सोडून मजूर झाला होता, कामगारांच्या रात्रशाळेत शिकवायचा. २७ मे च्या पहाटे सैन्य परत शिरलं. युन त्या प्रांतिक कचेरीतच मेला. सरकारी हिशेबात मेलेले दीडशेहून जास्त, आणि बेपत्ता वेगळे. मायबाप अजून हाडं शोधतायत.

आणि अमेरिका? दोन्ही फौजांची संयुक्त कमान अमेरिकन जनरलच्या हाती होती. विसाव्या डिव्हिजनला ग्वांगजूकडं वळवायला तिथून होकार गेला. फेब्रुवारी १९८१ मध्ये रीगननं चुनला व्हाइट हाउसमध्ये पाहुणा म्हणून बोलावलं. लोकशाहीचं हे जागतिक दुकान!

ग्वांगजूच्या बंडाचा सूत्रधार म्हणून किम डे-जुंगला फाशीची शिक्षा झाली. बंड व्हायच्या आधीच तो कोठडीत होता, हे न्यायाधीशांना अडचणीचं वाटलं नाही. पुढं बाहेरून दबाव आल्यावर त्याची फाशी टळली.

गोळ्या थांबल्या तशी झाडू सुरू झाली. ऑगस्ट १९८० पासून 'समाजशुद्धी'च्या नावाखाली साठ हजारांवर माणसं उचलली. गुंड, दारुडे, अंगावर गोंदलेले, कुणाच्या तरी डोळ्यात सललेले. त्यातले चाळीस हजारांच्या आसपास लष्करी छावण्यांत कोंडून, कवायत आणि मारझोड करून 'सुधारले'. सामचोंग छावण्या म्हणतात त्यांना. शुद्धी! हा शब्द कानावर पडला की मला तरी घाम फुटतो. आणि भटक्यांना कोंडायचा हुकूम तर १९७५ चाच होता. त्या हुकुमाखाली पुसानच्या 'ब्रदर्स होम'मध्ये रस्त्यावरची पोरं, भिकारी, हरवलेली माणसं धरून नेत. तिथं ६५७ जण मेले, असं सत्यशोधन आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलं. संस्थेच्या चालकाला चुनच्या राजवटीत पदक मिळालं होतं. ऑलिंपिक येणार होतं ना, शहर स्वच्छ दिसायला पाहिजे.

आता सांगा, लाल, जोल्लाचा, कारखान्याची पोरगी, भटका. ही चार नावं आहेत की चार वर्ण? उलट, वर्णाबाहेरच्या चार वस्त्या आहेत. चाबूकवाल्यांची सगळी प्रगती या चार वस्त्यांच्या पाठीवर लिहिलेली आहे.

१९८७ चं थोडक्यात सांगतो. जानेवारीत पार्क जोंग-चुल या विद्यार्थ्याला पोलिसांनी पाण्यात बुडवून मारलं आणि सांगितलं, टेबलावर हात आपटला तेवढ्यानं मेला. जूनमध्ये ली हान-योल अश्रुधुराच्या नळकांड्यानं पडला. लाखो लोक उतरले. आता कारकूनही उतरले, टायवालेही उतरले. २९ जूनला चुनचा जोडीदार रोह टे-वू यानं थेट निवडणूक मान्य केली. पण टायवाले घरी गेले तेव्हा कामगार उठले. जुलै ते सप्टेंबर तीन हजारांहून जास्त संप झाले. कागदावरच्या लोकशाहीला त्यांनी कारखान्याच्या फाटकातून आत नेलं.

डिसेंबरात निवडणूक झाली. आणि जिंकला कोण? तोच रोह टे-वू, बंडाच्या रात्री सैन्य आणणारा, ३६.६ टक्के मतांवर. दोन्ही किमांची मतं मिळून ५५ टक्के होत होती. पण दोघांनाही अध्यक्ष व्हायचं होतं. रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले हे बोटांवर मोजून थकलेल्या वाचकाला मी यावर काही सांगायची गरज नाही.

तरी लोकांनी पाठ सोडली नाही. ग्वांगजूच्या आया दरवर्षी थडग्यांवर जायच्या, पोलीस त्यांना अडवायचे, त्या पुन्हा जायच्या. शेवटी खास कायदा झाला आणि ऑगस्ट १९९६ मध्ये दोन माजी अध्यक्ष कैद्याच्या कपड्यात कोर्टात उभे राहिले. चुनला फाशी, ती पुढं जन्मठेप झाली. रोहला साडेबावीस वर्षं, ती सतरा झाली. डिसेंबर १९९७ मध्ये दोघांना माफी देऊन सोडलं. चुन २०२१ मध्ये मेला, ग्वांगजूची माफी न मागता. हजारो कोटींच्या लाचखोरीचा दंड भरायचा होता तेव्हा म्हणाला, माझ्याजवळ दोन लाख नव्वद हजार वॉन आहेत! आपल्या हिशेबानं एका महिन्याचा पगार.

पण शिक्षा झाली, नोंद झाली, शाळेच्या पुस्तकात आलं. त्याचा उपयोग ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री झाला. अध्यक्ष यून सुक-योल टेलिव्हिजनवर आला आणि मार्शल लॉ जाहीर केला. कारण? राष्ट्रद्रोही शक्ती, उत्तरेचे हस्तक. शहात्तर वर्षांचा जुना शब्द, त्यानं फडताळातून काढला. राजकीय काम बंद, सभा बंद, संप बंद. हेलिकॉप्टरनं कमांडो संसदेत उतरले. पण बातमी ऐकल्या ऐकल्या लोक घरातून धावले. चुनची रात्र ज्यांनी पाहिली होती ते म्हातारे, आणि ती फक्त पुस्तकात वाचलेल्या पोरी. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत शिरले. कर्मचाऱ्यांनी खुर्च्या-टेबलं दारांना लावली. रात्री एकच्या सुमाराला हजर १९० पैकी १९० मतं मार्शल लॉच्या विरोधात पडली. पहाटे त्याला तो मागं घ्यावा लागला. त्याच महिन्यात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीकडं निघाले, पोलिसांनी शहराच्या वेशीवर अडवले, तेव्हा कडाक्याच्या थंडीत शहरातल्या तरुण पोरी रात्रभर त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि वाट मोकळी करून घेतली. ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाच्या आठच्या आठ न्यायाधीशांनी यूनला पदावरून काढलं. निकालात त्यांनी नोंदवलं की संसदेला मतदान करता आलं ते नागरिकांच्या प्रतिकारामुळं आणि सैनिक-पोलिसांनी हुकूम अर्ध्या मनानं पाळल्यामुळं.

हे न्यायाधीश लिहितायत! घटनेनं घटना वाचवली असं ते म्हणाले नाहीत. आणि त्या सैनिकांचं मन अर्धं का होतं? कारण ग्वांगजूत हुकूम पाळणाऱ्यांचं नाव पुढं काय झालं, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटनासमितीत बजावलं होतं, की घटना कितीही चांगली असो, ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. आणि राजकारणातली भक्ती माणसाला हुकूमशाहीकडं नेते, असंही बजावलं होतं. ते वाक्य फोटोखाली छापून आपण मोकळे झालो. आपल्याकडं लष्करानं सत्ता घेतली नाही, हे खरं. पण ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बंदूक कुणाच्या वस्तीत शिरली? दहा माणसं गेली. त्या दिवशी मलबार हिलवर गोळी चालली नव्हती. मिलिटरीवाला पाहिजे म्हणणाऱ्यानं बंदुकीची दिशा बदलायची मागणी केलेली नाही, फक्त तिच्यावरचा उरलासुरला लगाम काढायची केली आहे.

तेव्हा आपल्या पोरांना मी तीन कामं सांगतो. एक, टे-इलसारखं कायद्याचं पुस्तक उघडा, आणि ज्याला ते वाचता येत नाही त्याचा कॉलेजात शिकलेला मित्र व्हा. तो मित्र वेळेवर भेटला असता तर कदाचित त्याला जळावं लागलं नसतं. दोन, आपल्या वस्तीत पडलेल्या प्रत्येकाचं नाव, तारीख, हुकूम देणाऱ्याचा हुद्दा लिहून ठेवा, दरवर्षी मोठ्यानं वाचा. हुकूम पाळणाऱ्या पुढच्या शिपायानं ते ऐकलेलं असलं पाहिजे. तीन, कुणाला लाल, कुणाला परका, कुणाला देशद्रोही म्हणून वेगळं काढलं जाईल तेव्हा "तो आपला नाही" म्हणून गप्प बसू नका. गावाबाहेरची जागा कशी असते हे आपल्याला माहीत आहे. तिथं आणखी कुणाला नेऊन बसवत असतील तर पहिली आडवी उभी राहणारी माणसं आपली असली पाहिजेत.

जय भीम.